झडतीची तिसरी ओळ

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्या पिढीत रीत नाही, उखाण्यापुरतं सोडून. पण इथं घेतलं नाही तर मी कोणाबद्दल बोलते आहे ते कळणार नाही, म्हणून एकदाच घेते: नत्थुजी. यापुढे मी त्याला बुढा म्हणणार. तोंडावर तुमी आणि पाठीमागे बुढा, वऱ्हाडात माझ्या वयाच्या सगळ्याच बायका असं करतात. ज्या नाही म्हणतात त्या खोटं बोलतात.

आमचं गाव वलगावच्या पुढे. पोळ्याच्या दिवशी दुपार कलली की बैलजोड्या सजून आखरावर येतात. आखर म्हणजे गावाबाहेरचं गुरांचं मोकळं मैदान. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्यापुढे जोड्या उभ्या राहतात, आणि पोळा फुटून जोड्या गावाकडे निघायच्या आधी झडत्या होतात. झडती म्हणजे चार ओळींची फजिती. तोरणाखाली उभं राहून गावातल्या मोठ्या माणसाचं नाव घ्यायचं, त्याला चांगला टोला हाणायचा आणि शेवटी 'हर बोला हर हर महादेव' म्हणायचं. महादेवाचं नाव आल्यावर रागवायची सोय राहत नाही. सरपंच असो की सोसायटीचा अध्यक्ष, वर्षातून त्या एका दिवशी त्यानं गप्प उभं राहून ऐकायचं असतं.

बुढा चाळीसेक वर्षं झडत्या म्हणत आला. आवाज त्याचा, झडत्या माझ्या. हे गावात कोणाला माहीत नाही असं नाही, पण कोणी बोलत नाही. भाकरी थापता थापता मला ओळ सुचते, आणि तव्यावरची भाकरी उलटेपर्यंत दुसरी येते. मी म्हणायची आणि तो चुलीपाशी बसून घोकायचा. आमची रीत ठरलेली होती: पहिल्या दोन ओळी साळसूद, तिसरीत नाव, चौथीत टोला. तोरणापाशी बाया जात नाहीत. तसा लिहिलेला नियम नाही, पण गेलेली एकही मी पाहिली नाही. मी लिंबाच्या झाडाखाली बायांमध्ये उभी राहायची आणि माझे शब्द त्याच्या तोंडून ऐकायची. तेवढं मला पुरतं, असं मी स्वतःला सांगत आले.

मागच्या पोळ्याला घोटाळा झाला. सरपंच आता गजेंद्र आहे. त्याच्या आधी त्याचा बाप, किसनराव, वर्षानुवर्षं सरपंच होता. एसटी आली की शहरात पळायचा आणि ग्रामसभा बोलावून स्वतःच गायब व्हायचा. त्याच्यावर मी तरणी असताना एक झडती केली होती, ती इतकी गाजली की किसनराव स्वतः चारचौघांत म्हणून दाखवायचा.

*सभा भरली पारावर, सतरंजीले नाई जागा,*
*दवंडीवाला वरडून गेला, जागा लोकहो, जागा.*
*किसनराव गेले शहराले, सांगून गेले येतो,*
*आमी पाहतो वाट त्यायची अन् चाय फुक्कट पेतो.*

मागच्या वर्षी बुढा नवीन झडती म्हणायला उभा राहिला. पहिल्या दोन ओळी खणखणीत गेल्या. तिसरीत गजेंद्रचं नाव यायला हवं होतं. पण तिसऱ्या ओळीत किसनरावचं नाव घ्यायची त्याच्या तोंडाला इतकी वर्षं सवय, की तेच आलं, आणि त्यामागून जुनी ओळ आली. 'किसनराव गेले शहराले, सांगून गेले येतो.' किसनराव त्याच उन्हाळ्यात कायमचा गेला होता. अमरावतीला दवाखान्यात नेताना गाडीत बसून तो सगळ्यांना येतो म्हणाला होता, आणि ते अख्ख्या गावानं ऐकलं होतं. आखरावर कोणी हसलं नाही. गजेंद्रनं मान खाली घातली. आणि आमचा बुढा, लोक का हसत नाहीत हे न कळून, तीच ओळ पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणाला.

मला त्या वेळी जमीन फाटून आत गेले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर गोपालनं, आमच्या मुलानं, बापाला अमरावतीत राजापेठेतल्या डॉक्टरकडे नेलं. गोपाल बडनेऱ्याला रेल्वेत आहे, त्याला सगळं वेळेवर आणि कागदावर लागतं. डॉक्टरनं विचारलं, "काका, आज वार कोणता?" बुढा म्हणाला, "तुमाले माहीत नाई का?" डॉक्टर हसला, पण गोळ्या लिहून दिल्याच. म्हणाला, वयाचं आहे, थोडं थोडं जाईल. काय जाईल ते त्यानं सांगितलं नाही. बैल तर आधीच विकले होते, शेत ठोक्यानं, म्हणजे वर्षाची रक्कम ठरवून दुसऱ्याला कसायला, दिलं होतं. रोज सकाळी उठून बुढा रिकाम्या गोठ्यात जायचा आणि दावणीपाशी उभा राहून परत यायचा. हे विसरणं नव्हतं. त्याला माहीत होतं तिथं काही नाही.

यंदा श्रावण सरत आला तेव्हा गजेंद्र घरी आला. पोरगा वाईट नाही. आला की वाकून पाया पडतो, खाली सतरंजीवर बसतो.

"काका, यंदा पोळ्याले तुमचा सत्कार ठेवला," तो म्हणाला. "आमदारसाहेबाचा माणूस येऊन राहिला. स्टेज राहीन, खुर्ची राहीन. तुमी फक्त बसाचं."

"अन् झडती?" बुढ्यानं विचारलं.

"झडत्याईची स्पर्धा ठेवली ना. शाळेतले पोरं म्हनतीन. विषय देले त्यायले. स्वच्छता, झाडं लावा, पोरगी शिकवा."

"नाव कोनाचं घ्याचं त्याच्यात?"

"नाव कोनाचंच नाई काका. कोनाचं मन नाई दुखलं पायजे. मागच्या वर्षी..." एवढं बोलून तो थांबला. तो सतरंजीची दशी ओढत राहिला. बापाचं दुःख त्याचं खरं होतं.

बुढा म्हणाला, "मी उभा राहीन."

"तुमच्या घरी आता जोडी बी नाई, काका."

"जोडी हाय," बुढा म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं. गजेंद्रला हसू आलं, मला नाही आलं.

तो गेल्यावर मी बुढ्याला स्पष्ट सांगितलं. "यंदा मी झडती नाई देत. पुरे झालं. मानानं बोलावून राहिले तर खुर्चीवर बसा."

"मी मेल्यावर बसीन."

"मेल्यावर झोपवतात. बसाचं असन तर आताच बसा."

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मीही बोलले नाही. माझा राग खोटा नव्हता. पुन्हा तो तिथं उभा राहून मेलेल्या माणसाचं नाव घेईल, पुन्हा तशी शांतता पडेल, आणि मी लिंबाखाली पदर तोंडाला लावून उभी असेन, याची मला भीती वाटत होती. तो म्हातारा झालाय हे मला मान्य होतं. त्याला मान्य नव्हतं, एवढंच आमचं भांडण.

मग फ्लेक्स लागला.

एसटी थांब्यावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीला, एवढा मोठा. बुढ्याचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून छापलेला, त्यात तो चोरी करताना सापडल्यासारखा दिसतो. वर गजेंद्रचा हसरा चेहरा, त्याच्या वर आणखी मोठ्या लोकांचे चेहरे. आणि मधोमध लाल अक्षरांत: 'ज्येष्ठ झडतीकार मा. श्री. नत्थुजी यांचा सेवापूर्ती सत्कार सोहळा.'

माझी सून प्राजक्ता मला गाडीवर बसवून वलगावच्या बाजाराला नेत होती. मी तिला गाडी थांबवायला लावली.

"सेवापूर्ती म्हंजे काय वो?"

"रिटायरमेंट, आई. नोकरी संपली का करतात ना, तसं."

"नोकरी? कोनाची नोकरी करत होता तो?"

फ्लेक्सच्या पलीकडे पाण्याची नवी टाकी दिसत होती. दोन वर्षांपूर्वी गजेंद्रनं फीत कापून तिचं उद्घाटन केलं. घरोघरी नळ आले. नळाला पाणी आलं नाही. बाया अजून विहिरीवरून गुंड भरून आणतात, गुंड म्हणजे आमच्याकडचा पाण्याचा मोठा हंडा. हे कोणी ग्रामसभेत बोलत नाही. बोलायची जागा एकच, तोरणाखाली. आणि तिथं यंदा शाळेतली पोरं झाडं लावणार होती.

मला मग फार राग आला. बुढ्यानं थांबावं हे खरं होतं. पण त्याला थांबवायची घाई का झाली हेही मला तिथं, गाडीवर बसल्या बसल्या कळलं. थांबायचं तर ते माणसानं स्वतः ठरवावं. शाल पांघरून तोंड बंद करायचं आणि त्याला सत्कार म्हणायचं, हा कुठला न्याय? बाजारात मी वांगी घेतली, मिरची घेतली, आणि परत येईपर्यंत माझ्याकडे चार ओळी होत्या.

घरी येऊन मी बुढ्यासमोर पाट टाकून बसले आणि म्हटलं, "ऐका."

*टाकी गेली आभायाले, वर बसते घार,*
*खाली कोरड्या तोटीपाशी मुंग्यायचा बजार.*
*गजेंद्रभाऊ फीत कापून फोटो काढून गेला,*
*त्या फोटोतल्याच पान्यानं आमी गुंड भरून नेला.*

बुढा इतका हसला की त्याला ठसका लागला. मी पाठीवर थोपटून पाणी दिलं, विहिरीचं.

त्या दिवसापासून तो घोकायला लागला. सकाळ-संध्याकाळ. पहिली ओळ यायची, दुसरी यायची. तिसरीपाशी तो थांबायचा, डोळे मिटायचा, आणि ओठ 'कि' म्हणायला वळायचे. 'ग,' मी म्हणायची, 'ग, ग, गजेंद्र.' तो चिडायचा. कधी बरोबर यायची, कधी नाही. आदल्या दिवशीही भरवसा नव्हता.

आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे दुखतात, म्हणून त्यांना तूप-हळद लावून शेकतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. गोठा रिकामा होता. मी वाटीत तूप-हळद गरम केलं आणि बुढ्याला म्हटलं, "सदरा काढा."

"काहून?"

"बैल नाई घरी. तुमचेच खांदे शेकाव म्हटलं."

तो सदरा काढून बसला. त्याच्या खांद्यावरची कातडी सैल झाली आहे, आणि उजव्या खांद्यावर जुना घट्टा आहे, बैल आजारी असताना त्यानं स्वतः वखर ओढला होता तेव्हाचा. मी त्यावर बोटं फिरवली. रीतीप्रमाणे म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तो म्हणाला, "पुरन घालशीन का?" म्हटलं, "घालीन." मला रडू येत होतं. तुपाचा धूर डोळ्यांत गेला असं मी त्याला सांगितलं, आणि त्यानं ते मानून घेतलं.

पोळ्याच्या दिवशी आखरावर मोठा मांडव होता. जोड्या थोड्या, माणसं जास्त, आणि माणसांपेक्षा मोबाइल जास्त. गजेंद्रनं भाषण केलं. बुढ्याच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, फोटो निघाले. शाळेतल्या पोरांनी कागद पाहून झाडं लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, लग्नात मंगलाष्टकं लांबली की वाजवतात तशा.

मग बुढा खुर्चीवरून उठला. शाल तशीच खांद्यावर, नारळ खुर्चीवर ठेवला, आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून तो तोरणाकडे चालू लागला. गजेंद्र माईकवरून म्हणाला, "काका, काका, बसा." बुढा बसला नाही. म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून मागे ओढणं सगळ्या गावासमोर बरं दिसत नाही, म्हणून कोणी ओढलं नाही. तो तोरणाखाली उभा राहिला आणि त्यानं हात वर केला.

"टाकी गेली आभायाले, वर बसते घार!"

आवाज तोच होता. बायांमध्ये माझ्या शेजारच्या दोघीतिघी हसल्या, कारण टाकीचं नाव येताच पुढचं त्यांना दिसायला लागलं होतं.

"खाली कोरड्या तोटीपाशी मुंग्यायचा बजार!"

आता सगळा आखर हसला. गजेंद्रचा चेहरा उतरला. बुढ्यानं श्वास घेतला. मी लिंबाखालून ओठांनी ग, ग म्हणत होते.

"किसनराव गेले..."

तो म्हणाला आणि थांबला. हसणं विझलं. मी गजेंद्रकडे पाहिलं, त्यानं पुन्हा तशीच मान खाली घातली होती. मला वाटलं आता बुढा तीच ओळ पुन्हा म्हणणार. पण या वेळी त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग गजेंद्रकडे. आणि हात खाली घेतला.

"गजेंद्र," तो म्हणाला. माईक नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तुहा बाप गेला. मले माहीत हाय. माह्या तोंडाले माहीत नाई."

गजेंद्रनं मान वर केली.

"निंगताना मानूस येतो म्हनते," बुढा म्हणाला. "तुहा बाप बी म्हनला. मी नाई म्हनत. मी जातो. या तोरनाखालून मी जातो."

आमच्याकडे उंबरा ओलांडताना कोणी 'जातो' म्हटलं तर घरातलं म्हातारं माणूस त्याला परत बोलावतं, बसवतं, पाणी पाजतं आणि 'येतो' म्हणवून घेऊन मगच सोडतं. तिथं तेवढं म्हातारं दुसरं कोणी नव्हतं. आणि मी बोलावणार नव्हते. त्याचं त्यानं ठरवलं होतं, शालीनं नाही, फ्लेक्सनं नाही, डॉक्टरच्या गोळीनं नाही. तो लिंबाच्या झाडापर्यंत चालत आला. बाया बाजूला झाल्या. त्यानं खांद्यावरची शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली.

"तिसरी ओय तुही हाय," तो म्हणाला. "माह्याच्यानं नाई होत. तू घे."

मी इतकी वर्षं त्या झाडाखाली उभी होते. पाय उचलला तेव्हा तो जड वाटेल असं मला वाटलं होतं. तसा तो वाटला नाही. मी तोरणाखाली गेले. जोडी धरून उभ्या असलेल्या केशवरावांनी बैलाची वेसण आवळली आणि म्हणाले, "वैनी, बाईमानूस तोरनाखाली?"

"चाळीस पोळे मीच उभी होती इथं, भाऊजी," मी म्हटलं. "आवाज आज आली घेऊन."

माझा आवाज बारीक निघाला. बुढ्यासारखा नाही, चिरका. पण मला दुसरा नव्हता, म्हणून मी तोच वापरला. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. टाकी, घार, तोटी, मुंग्या. मग गजेंद्रच्या डोळ्यांत पाहून त्याचं नाव घेतलं. फोटोतल्या पाण्यानं गुंड भरून नेला. आणि शेवटी म्हटलं, "हर बोला..."

मग लिंबाखालून, मागून, बायांमधून, आखरावर कधीच आला नव्हता असा आवाज आला. "हर हर महादेव!" विहिरीवर रोज माझ्यासोबत पाणी भरणाऱ्या सगळ्या बाया ओरडल्या होत्या. त्यांच्यात मध्ये उभा राहून सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता आमचा बुढा. मग पुरुषांनीही साथ दिली, काय करतील.

महादेवाचं नाव आल्यावर गजेंद्रला रागवायची सोय नव्हती. तो पुढे आला, वाकला. मला वाटलं पाया पडतो आहे, आणि पडला तो. मान वर न करता हळूच म्हणाला, "काकू, मोटार जळली हाय टाकीची. दिवाळीपर्यंत करतो."

"पुढच्या पोळ्याले इचारीन," मी म्हटलं.

मग पोळा फुटला, जोड्या गावात शिरल्या, आणि आम्ही दोघं घरी आलो. बुढ्यानं पुरण पोटभर खाल्लं. मी त्याच्याकडे चोरून पाहत होते. तो खचेल, जेवणार नाही, पुन्हा गोठ्यात जाऊन उभा राहील, असं मला वाटलं होतं. तो लवकर झोपला आणि घोरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. तोंडात आपोआप ओळी यायला लागल्या, मोटारीवर, दिवाळीवर. पहिली म्हटली, दुसरी म्हटली. बुढा चुलीपासून लांब, दारात खाटेवर चहा घेऊन बसला होता.

"दुसरी ओय लंगडी हाय," तो म्हणाला.

मला राग आला, कारण ती होतीच लंगडी. म्हटलं, "तुमी तर काल जातो म्हनून सगळ्या गावाले सांगून आले ना?"

"तोरनाखालून गेलो," बुढा म्हणाला आणि बशीत चहा ओतला. "चुलीपासून कुठी गेलो? म्हन पुन्हा."